देविदासच्या पानावर बसलं कोण?

१

साहेब, दार तुम्ही उघडं ठेवलंत आणि चोर म्हणून हात धरलात एका पोरीचा.

तुम्हाला कुलूप दिसलं, किल्ली दिसली, किल्ली जिच्या पर्समध्ये ती बाई दिसली. झाला तुमचा तपास. डोंगरकड्याच्या शाळेत यायची तसदी नको, खोली बघायची तसदी नको. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात बसून निलंबनाच्या कागदावर तुम्ही एकच ओळ लिहिली: ‘खोलीत शिरण्याचे साधन ज्यांच्या ताब्यात होते, त्या जबाबदार.’ ती ओळ नीट लक्षात ठेवा. ही सगळी गोष्ट फिरून त्याच ओळीवर येणार आहे.

सन दोन हजार नऊचा फेब्रुवारी. शिवारात हळद शिजत होती आणि गावभर तिचा उग्र वास भरला होता. दहावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर फुटला. नुसता फुटला नाही, पोरं तो पाठ करून आली. पेपर टाईप केला होता कॉम्प्युटरच्या मॅडमनी, प्रियदर्शनी खंदारे यांनी. कॉम्प्युटरची खोली एक, कुलूप एक, किल्ली एक. ती किल्ली मॅडमकडे.

प्रियदर्शनी शिक्षणसेवक होती. तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर राबायचं, मग नोकरी पक्की. तिची तीन वर्षं पुढच्या महिन्यात भरणार होती. चोरीचा ठपका बसला की नोकरी तर जाणारच, वर दुसरी कोणती शाळा तिला दारात उभी करणार नव्हती. संस्थेचे चालक संतरामअण्णांची सून मात्र नुकतीच तेच शिक्षण घेऊन घरी बसली होती. गावाला जे समजायचं ते गाव समजलं होतं.

प्रियदर्शनीच्या वकील नीलाबाई राठोड कळमनुरीहून स्कूटीवर आल्या त्या हेल्मेट न काढताच शाळेत शिरल्या. तांड्यावरून शिकून कोर्टापर्यंत पोचलेली बाई. एका जागी बसलं की त्यांच्या पायाला मुंग्या यायच्या, म्हणून त्यांची उलटतपासणी सुद्धा चालता चालता व्हायची. न्यायाधीश कंटाळून म्हणायचे, बाई, जरा उभ्या तरी राहा.

“पेपर तू दिला का?” त्यांनी दारातच विचारलं.

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. “ताई, तुमी पण?”

“मी विचारून राहिले. रडायचं नंतर. दिला का?”

“न्हाई.”

“बास. आता खोली दाखव.”

खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. सहा कॉम्प्युटर, त्यांतले चार मेलेले. खिडकीला जाड गज. गजातून एक निळी वायर बाहेर गेली होती. कोपऱ्यातल्या फळीवर इंटरनेटचा छोटा डबा लुकलुकत होता. डब्यावर साहेबांच्या कार्यालयाचा कागद चिकटवलेला: ‘पासवर्ड बदलू नये.’ खाली पासवर्डही छापलेला. म्हणजे घराच्या दारावर किल्ली टांगायची आणि खाली लिहायचं, किल्ली हलवू नये.

“हे काय?”

“सरकारी योजनेत आलं, ताई. सगळ्या शाळांना. बदलला तर कारवाई म्हणले.”

नीलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी पोरांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. त्यातलं एक गणित असं होतं: तीन बाजूंचं शेत, बांध चाळीस, पन्नास आणि ऐंशी मीटर, क्षेत्रफळ काढा. बरोबर उत्तर आठशे अठराच्या आसपास. ते बऱ्याच पोरांचं आलं होतं. पण एका गठ्ठ्यात पोरामागून पोरगं तेच चुकीचं उत्तर लिहीत सुटलं होतं.

एक हजार चौऱ्याऐंशी.

“ही सगळी कुठल्या क्लासची लेकरं?” नीलाबाईंनी विचारलं.

प्रियदर्शनीने नावं पाहिली. “ओमप्रकाश सरांची. सगळीच्या सगळी.”

२

ओमप्रकाशचा क्लास कळमनुरीत स्टँडमागं, दुसऱ्या मजल्यावर. खाली त्याची काळी बुलेट, आरशासारखी पुसलेली. वर भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आणि त्या सगळ्यांहून मोठा त्याचा स्वतःचा. माणूस तिशी ओलांडलेला, गुळगुळीत दाढी, बोलण्यात निम्मी हिंदी.

“आइए मॅडम. बैठिए. चहा?”

“उभीच बरी आहे. सर, तुमच्या पोरांनी पेपर पाठ कसा केला?”

“अंदाज, मॅडम. बारा वर्षं शिकवतोय. काय येणार ते मला वासावरून कळतं.”

“मग तुमाला एक हजार चौऱ्याऐंशीचाबी वास आला?”

त्याचा हात टेबलावर थांबला. टेबलावर मोठा टीव्ही होता, त्याच्या शेजारी काळ्या वायरींचं भेंडोळं आणि हातात धरून खेळायचे दोन गेमचे दांडके. बाकी टेबलावर धूळ होती. दांडक्यांवर नव्हती.

“पोरांनी चुकीचं सोडवलं असेल.”

“एकासारखं एक? बांध चाळीस, पन्नास आणि शंभर धरले तरच ते उत्तर येतं. तेबी वर्गमुळाखालचं उणे चिन्ह गिळलं तर. पेपरात ऐंशी आहे. तुमी शंभर शिकवले.”

“पुस्तकात छपाईची चूक असेल.”

“कोणतं पुस्तक?”

ओमप्रकाश हसला. दात चांगले होते. “मॅडम, आप वकील हो, आप को तो मालूम है. ज्या खोलीला एकच किल्ली, तिथं चोर शोधायला वकील लागत न्हाई. सोमवारी चौकशीला मला पण बोलावलंय अण्णांनी. वहीं मिलेंगे.”

जिना उतरताना नीलाबाई दोनदा थांबल्या. चाळीस आणि पन्नास मिळून नव्वद. तिसरा बांध शंभरचा. तांड्यावरचं शेळ्या राखणारं पोरगं सुद्धा सांगेल की असं शेत होतच नाही, दोन बांध तिसऱ्याच्या टोकाला पोचतच नाहीत. मग असलं आंधळं गणित जगात कुणाच्या तोंडून निघालं?

३

गणिताचे भागवत सर घरच्या ओट्यावर बसून खाटेची दोरी ताणत होते. नीलाबाईंना बघून ते दोरी सोडून उठले आणि उगाच आत डोकावून आले.

“सर, पेपर तुमी काढला, मॅडमनी टाईप केला. बराबर?”

“बराबर.”

“समोर बसून सांगितला?”

“व्हय. गुरुवारी दुपारी. माझं अक्षर तिला लागत न्हाई.”

“शेताचे बांध किती सांगितले?”

भागवत सरांनी दोरीचं टोक परत हातात घेतलं. आतून त्यांच्या बायकोनं भांडं आपटलं.

“पेपरात ऐंशी आहे की,” ते शेवटी म्हणाले.

“पेपरात काय आहे ते मला दिसतं. तुमी गुरुवारी काय सांगितलं ते विचारून राहिले.”

नीलाबाई ओट्यासमोर येरझारा घालू लागल्या. चार पावलं इकडं, चार तिकडं. दोन कोंबड्या घाबरून पळाल्या.

“सर, तुमचं अठ्ठावीस वर्षांचं नाव आहे. गणिताचा मास्तर न होणारं शेत सांगून बसला हे गावाला कळलं तर पोरं दात काढतील, व्हय का न्हाई? म्हणून तुमी गप्प. पण तिकडं त्या लेकराच्या नावापुढं चोर लिहून राहिले.”

भागवत सर मटकन खाटेवर बसले. खाट अजून ढिली होती, ते जवळजवळ जमिनीला टेकले.

“शंभरच सांगितले,” ते म्हणाले. “बोलण्याच्या भरात गेलं. तिनं ते टाईप केलं, सेव्हचं बटण दाबलं, अन् तेवढ्यात लाइट गेली. भारनियमन. आमी दोघं अंधारात बाहेर आलो. तिनं कुलूप लावलं. तिला हिंगोलीला ट्रेनिंग होतं, मी स्वतः तिला फटफटीवर स्टँडला सोडलं, एसटीत बसवलं. रात्री जेवताना माझ्या ध्यानात आलं की हे शेत तर होतच न्हाई. घास गिळेना. शुक्रवारी सकाळी ती आल्या आल्या आधी ते ऐंशी करून घेतलं, मग पेपर छापला.”

नीलाबाई थबकल्या.

“म्हणजे शंभरचा पेपर कागदावर कधी आलाच न्हाई?”

“कधीच न्हाई.”

“अन् शंभर टाईप झाल्यावर लगेच लाइट गेली. मेलेल्या मशीनमधून तिला काही काढून नेता आलं नसतं.”

“न्हाई. शक्यच न्हाई.”

“हे तुमी आधीच का न्हाई सांगितलं, मास्तर?”

माणूस वाईट नव्हता. पण भित्रा चांगला माणूस जेवढं नुकसान करतो तेवढं वाईट माणसालाही जमत नाही.

नीलाबाई स्कूटीकडं वळल्या आणि किक मारता मारता थांबल्या. शंभरचा पेपर गुरुवार दुपार ते शुक्रवार सकाळ एवढाच जिवंत होता. कुलूपबंद खोलीत. पोरीची सुटका होत होती खरी, पण कोडं उलटं जास्तच आवळलं होतं. किल्ली हिंगोलीला. खोलीत चिटपाखरू नाही. मग आत गेलं कोण?

४

शाळेच्या मागं भिंतीला भिंत लागून संतरामअण्णांचं घर. अंगणात शिजवलेली हळद पसरली होती आणि त्यांच्या बायको मंजुळाबाई धुणं वाळत घालत होत्या. अण्णांचे तीन सदरे, एक धोतर, चार टॉवेल. नीलाबाई धोतराखालून वाकून आत आल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

कपडे निळ्या वायरवर होते.

“मंजुळाबाई, दोरी बरी आहे की. कुठून आणली?”

“दोरी न्हाई हो, ती नेटची वायर. शाळेतून आली. देविदासच्या गेमासाठी. बरी पडती, गंजत न्हाई, सदऱ्याला डाग पडत न्हाई.” त्या हसल्या. “यांनीच ओढून घेतली. म्हणले, शाळा आपलीच, नेट आपलंच.”

देविदास म्हणजे मंजुळाबाईंचा धाकटा भाऊ. सव्वीसचा गडी, बहिणीच्या घरी राहायचा. नोकरी शोधून राहिलोय असं सांगायचा आणि शोधत असलाच तर ती टीव्हीच्या आत शोधत असावा. पुण्याच्या मित्राकडून त्यानं टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला होता. दूरदूरच्या माणसांशी नेटवर फुटबॉल खेळायचा. नीलाबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या तरी त्याची नजर पडद्यावरून हलेना.

“गुरुवारी संध्याकाळी पण खेळत होता का?”

“गुरुवारी? छट. त्या दिवशी लागलाच न्हाई.” त्याला हा विषय मनापासून आवडलेला दिसला. “लाइट आली तवा मी जेवत होतो. ताटावरनं उठलो तर ही अक्का हात उगारती. जेवून येऊन डबा चालू केला, तर गेम कोणाला आतच घेईना. रोज मी सामना मांडतो, समोरचा माझ्या पत्त्यावर येतो. त्या दिवशी येताच येईना त्याला. त्यानं फोन केला, म्हणला, देव्या, तू कुठं गेला? तुझ्या पानावर तर दुसरंच कोणतरी जेवून राहिलं.”

“असं म्हणला? तुझ्या पानावर दुसरंच कोणतरी?”

“असंच. मला वाटलं मस्करी.”

“तू इकडं, तो तिकडं. गेम लागत न्हाई एवढं त्याला कळेल. दुसरं कोणी बसलंय हे त्याला कसं दिसलं?”

देविदासनं पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढली. तोंड उघडलं. तेवढ्यात अंगणातून अण्णांचा आवाज आला.

“देविदास. गप्प बस.”

संतरामअण्णा धोतर बाजूला सारून उभे होते. “वकीलीणबाई, घरात शिरायला मी परवानगी दिली न्हाई. जे बोलायचं ते सोमवारी.”

“सोमवारीच बोलते, अण्णा. फक्त एक सांगा. शाळेचं नेट तुमच्या घरी आलं हे साहेबांना ठावं आहे?”

अण्णांनी फाटकाकडं बोट दाखवलं.

५

नेटचे डबे बसवणारा जळबा. टेलिफोनच्या ठेकेदाराकडं कामाला. नीलाबाईंनी त्याला हॉटेलात गाठला. तो पुरीभाजी खात होता.

“शाळेचं नेट अण्णांच्या घरी तू नेलं?”

“नेलं. अण्णा म्हणले ने, मी नेलं. काहून, गुन्हा झाला का?”

“अन् गेम चालावा म्हणून काय केलं?”

जळबानं पुरी खाली ठेवली. “ताई, तुमाला समजंल असं सांगतो. हा डबा म्हणजे मांडवाच्या दारातला राखणदार. आतल्या माणसाला बाहेर जाऊ देतो, पण बाहेरचा अनोळखी आत सोडत न्हाई. गेमाला मात्र बाहेरचा माणूस आत यावा लागतो, तवाच सामना होतो. मग डब्यावर छापलेला पासवर्ड टाकून राखणदाराला सांगून ठेवायचं की बाहेरून कोणीबी आलं तर नावगाव विचारू नको, सरळ पंगतीत पहिल्या पानावर नेऊन सोड. ह्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.”

“पहिल्याच पानावर काहून?”

“मी गेलो तवा एकटा देविदासचा गेमचा डबा चालू होता. त्याला पहिलं पान मिळालेलं. त्याला एकच दार लागत होतं खरं म्हणजे.”

“अन् तू किती उघडली?”

जळबानं पाण्याचा घोट घेतला. “सगळी. एकेक दार हुडकत बसलं की गेम अडकतो, मग अण्णांचा फोन येतो, मग पुन्हा पेट्रोल जाळत डोंगरकड्याला या. सगळी खोलली की तकलीफ न्हाई. मी समद्यांना तसंच करून देतो.”

नीलाबाई उठल्या, टेबलाभोवती एक चक्कर मारून परत आल्या. हॉटेलवाला बघत राहिला.

“पहिल्या पानावर देविदासच बसलाय हे राखणदाराला कसं कळतं?”

“न्हाई कळत. त्याला पान कळतं. माणूस न्हाई कळत.”

“लाइट गेली तर?”

“पंगत उठली. लाइट आली की नवी पंगत. आधी जाग येईल तो पहिल्या पानावर. ते पान नाव घालून पक्कं करता येतं...” जळबा अडखळला. “पण कोण करतंय.”

नीलाबाईंच्या डोळ्यांपुढं खोली उभी राहिली. रोज शाळा सुटताना प्रियदर्शनी मशीन नीट बंद करून जायची. गुरुवारी मशीन चालू असतानाच लाइट गेली. अंधारात बटणं तशीच राहिली. भारनियमन संपलं, आणि बंद खोलीत, कोणाचा हात न लागता...

“ते शाळेचं मशीन लाइट आल्यावर आपोआप चालू होतं का?”

“होतं. मीच करून दिलंय. सारखी लाइट जाती, म्हणून.”

“अन् त्या वेळी देविदास जेवत होता,” नीलाबाई पुटपुटल्या.

त्यांनी प्रियदर्शनीला फोन लावला. पेपराच्या फोल्डरला कुलूप होतं का? पलीकडून मग बारीक आवाज आला, “न्हाई, ताई. मशिनं एकमेकांना दिसावी म्हणून मीच खुलं ठेवलं. आपल्याच खोलीत कशाला म्हणून.”

“शाबास,” नीलाबाई म्हणाल्या. “सगळ्यांनी मिळून केलंय हे.” फोन ठेवून त्या जळबाकडं वळल्या. “बाहेरून यायचं तर पत्ता लागतो. तो रोज बदलतो म्हणतात.”

“साध्या गिऱ्हाइकाचा बदलतो. शाळांना योजनेत कायमचा दिलाय. साखऱ्याला तसाच, पुसेगावला तसाच. डबा तोच, पासवर्ड तोच.”

“म्हणजे पत्ता एकदा ज्याला दिला...”

“त्याच्याकडं तो जन्मभर राहिला.”

नीलाबाईंनी त्याच्या पुरीभाजीचे पैसे दिले. “सोमवारी मला तुझी गरज आहे. डोंगरकड्यात न्हाई. तू कळमनुरीलाच थांबायचं, नेटच्या दुकानात. मोबाइल चार्ज करून ठेव.”

“माझं नाव येईल का, ताई?”

“येईल,” नीलाबाई म्हणाल्या. “पण पहिलं न्हाई येणार.”

६

सोमवारी साहेब आले. जीपमधून उतरले, नाकाला रुमाल लावला, हळदीचा वास सोसत नव्हता म्हणे. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलामागं साहेब, शेजारी अण्णा. समोर ओमप्रकाश, भागवत सर, देविदास आणि भिंतीला टेकून प्रियदर्शनी. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. नीलाबाईंनी आपली दिली, स्वतःला ती लागणारच नव्हती.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “लवकर आटपा. मुद्दा सरळ आहे. खोली सुरक्षित. किल्ली एक.”

“साहेब, खोली सुरक्षित आहे याची तुमाला खात्री आहे ना? मग तुमी स्वतः जा. त्या मशीनवर, त्याच फोल्डरमध्ये मनाला येईल ते लिहा. कोणाला दाखवू नका. बटणं चालूच ठेवा. कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या खिशात ठेवा.”

“हा काय पोरखेळ?”

“पाच मिनिटांचा आहे. एका माणसाची तीन वर्षं गेलीत, तुमची पाच मिनिटं जाऊ द्या.”

साहेब गेले. सेव्हचं बटण दाखवायला अण्णांची सून गेली. परत येऊन साहेबांनी किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. नीलाबाईंनी वऱ्हांड्यातला मेन स्विच पाडला. पंखा थांबला, माशा खाली उतरल्या. मग त्यांनी स्विच वर केला. भिंतीपलीकडं बंद खोलीत मशीन आपोआप घरघरलं. ते सगळ्यांनी ऐकलं. ओमप्रकाशनं खुर्ची थोडी मागं सरकवली.

नीलाबाईंचा मोबाइल टेबलावर होता. तो वाजला. त्यांनी आवाज मोठा केला.

“ताई, जळबा बोलून राहिलो. कळमनुरीहून. दिसलं. नवीन फाइल आहे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय. वाचू?”

“वाच. सावकाश.”

“सदर... खोली... सुरक्षित... आहे.”

साहेबांचा हात आपोआप खिशाकडं गेला. किल्ली तिथंच होती.

भिंतीजवळच्या खुर्चीतून हुंदका आला, पण नीलाबाईंनी तिकडं बघितलं नाही. त्या चालत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, पंगत, पान, राखणदार, निळी वायर, तिच्यावरचं धोतर. भागवत सर न विचारता उठले. “शंभर मी सांगितले होते,” ते मोठ्यानं म्हणाले. “चूक माझी. लाइट गेली तवा ती माझ्यासोबत बाहेर आली. मी हे आधी सांगायला पायजे होतं.” कोणी दात काढले नाहीत.

“आता एकच राहिलं,” नीलाबाई म्हणाल्या. “देविदास, तुझ्या पानावर दुसरंच कोणी बसलंय असं फोनवर म्हणणारा कोण?”

देविदासनं अण्णांकडं पाहिलं. मग प्रियदर्शनीकडं. ती त्याच्या भाच्यांना शिकवायची.

“ओमप्रकाश सर,” तो म्हणाला. “आमी दोघं रोज खेळतो. जळबाकडून समदी दारं खोलून घे म्हणून त्यांनीच मला शिकवलं.”

ओमप्रकाशचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. “मैं ने कुछ तोडा नहीं,” तो म्हणाला. “गेम लागेना म्हणून कॉम्प्युटरवरून त्याच पत्त्यावर बघितलं, कोण उत्तर देतंय. तर शाळेचं फोल्डर. सराव गणित. दार उघडं होतं, मी फक्त आत डोकावलो.”

“डोकावलात, उचललं आणि पोरांना वाटलं. एवढ्यावर भागलं असतं. पण मग इथं येऊन बसलात, एका पोरीला चोर ठरवायला. उणे चिन्ह गिळलं तसं हे पण गिळायला निघालात.”

अण्णा खाकरले. “वायर मी काढून घेतो. घरातली गोष्ट आहे.”

“काढू नका. पंचनामा व्हायचाय. वाटलं तर कपडे तेवढे काढा.”

साहेबांनी टेबलावरचे कागद गोळा केले, ठोकून सारखे केले.

“हं. विषय तांत्रिक आहे,” ते म्हणाले. “वर कळवावं लागेल. तोपर्यंत निलंबन कायम राहील. प्रक्रिया असते.”

प्रियदर्शनी खुर्चीतून उठली. नीलाबाई चालता चालता थांबल्या. त्या दुपारभरात त्या पहिल्यांदा एका जागी उभ्या होत्या, साहेबांच्या टेबलासमोर, दोन्ही हात टेबलावर टेकून.

“पासवर्ड बदलू नये हा कागद तुमच्या कार्यालयाचा. शाळांना एकच डबा, एकच पासवर्ड, कायमचा पत्ता हे तुमचं. वायर अण्णांची, दारं जळबाची, खुलं फोल्डर या पोरीचं, डल्ला ओमप्रकाशचा. ज्याचं त्यानं घेतलं पदरात. तुमचं तेवढं राहिलं. पुसेगावला, साखऱ्याला आत्ता या मिनिटाला कोण कोणाच्या पानावर बसलंय, तुमाला ठावं आहे?”

साहेब दाराकडं बघत होते.

“तुमीच लिहिलंय, साहेब, ‘खोलीत शिरण्याचे साधन ज्यांच्या ताब्यात होते, त्या जबाबदार.’” त्यांनी निलंबनाचा कागद उलटा फिरवून त्यांच्यापुढं सरकवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं. “हिचं नाव खोडा. आणि त्या जागी कोणाचं लिहायचं, ते इथं, सगळ्यांसमोर सांगा. कोणाचं?”